आलेखावरून सरळ रेषेचं समीकरण: लेकीचं उत्तर मागच्या उत्तराशी का जुळेना?

खानापूरची_आई
नमस्कार मंडळी. लेक यंदा मराठी माध्यमातून एसएसएलसी (इकडची दहावी) होऊन बेळगावात फर्स्ट पीयू (अकरावी) सायन्सला गेली. दहावीपर्यंत समीकरण दिलेलं असायचं. तीन बिंदू काढा, पट्टी ठेवा, रेष ओढा, संपलं. आता सगळं उलटं आलंय. रेष छापून दिलेली असते, समीकरण आपण सांगायचं.

गणित असं आहे. आडव्या अक्षावर वजन, ग्रॅममध्ये, ५० पासून २०० पर्यंत. उभ्या अक्षावर स्प्रिंगची लांबी, सेंटीमीटरमध्ये, १४ पासून २० पर्यंत. रेष खालच्या डाव्या कोपऱ्यातून निघते आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात पोचते. तिनं घरं मोजली. उजवीकडे १५, वर १२. म्हणून चढ (वर जाणं भागिले उजवीकडे जाणं) १२/१५ म्हणजे ०.८. रेष उभ्या अक्षाला १४ वर लागते. म्हणून तिचं उत्तर: य = ०.८क्ष + १४.

पुस्तकामागचं उत्तर: य = ०.०४क्ष + १२.

दोन्ही आकडे जुळेनात. ती म्हणते छपाईची चूक आहे. मी बी.ए., तिचे बाबा कॉमर्सवाले, त्यामुळे घरात निकाल लागत नाही. (कॉलेजात एक्स-वाय लिहितात, मी इथं क्ष-य लिहिते, सांभाळून घ्या.)

शहापूरकर
ताई, पुस्तक बरोबर हाय. मागचं उत्तर चुकलंय म्हणणारी तुमची लेक काय पहिली न्हवं, आम्ही इंजिनिअरिंगला पण हेच म्हणूलालो.

दोन बिंदूंचं सूत्र घाला आणि मोकळे व्हा. बिंदू (५०, १४) आणि (२००, २०).
चढ = (२० − १४) / (२०० − ५०) = ६/१५० = ०.०४
य − १४ = ०.०४(क्ष − ५०)
य = ०.०४क्ष − २ + १४ = ०.०४क्ष + १२
झालं की. जेवायला चला.

निपाणी_मास्तर
शहापूरकर, उत्तर बरोबर आलं, पण त्या पोरीला काय कळलं? तिला सूत्र येत असणारच. तिला कळायला हवं ते हे की घरं मोजूनसुद्धा उत्तर का चुकलं.

ताई, लेकीला शेजारी बसवून हे वाचा.

चढ काढताना घरं मोजणं चुकीचं नाही. मी सव्वीस वर्षं नववी-दहावीला हेच शिकवत आलो. पण घर मोजलं की लगेच विचारायचं, हे घर केवढ्याचं? आडव्या अक्षावर ५० ते २०० म्हणजे १५० ग्रॅम, घरं १५. म्हणजे एक घर १० ग्रॅमचं. उभ्या अक्षावर १४ ते २० म्हणजे ६ सेंटीमीटर, घरं १२. म्हणजे एक घर अर्ध्या सेंटीमीटरचं. उजवीकडची १५ घरं म्हणजे १५० ग्रॅम. वरची १२ घरं म्हणजे ६ सेंटीमीटर. आता भागा, ६/१५० = ०.०४. तिची घरं बरोबर मोजलेली आहेत, फक्त त्यांची किंमत लावायची राहिली.

दहावीच्या वहीत मुलं दोन्ही अक्षांवर १ सेंटीमीटर = १ एकक हेच प्रमाण घेतात, त्यामुळे घर आणि एकक एकच वाटायला लागतं. ती सवय पीयूला नडते. आलेख हातात आला की रेषेकडे बघायच्या आधी दोन्ही अक्षांवरचे आकडे वाचायचे. मी वर्गात रेषेवर हात ठेवून झाकायचो आणि विचारायचो, अक्षावर काय लिहिलंय? पोरं चिडायची.

दुसरी गोष्ट १४ ची. समीकरण य = मक्ष + क. यातला म म्हणजे चढ, आणि क म्हणजे क्ष शून्य असताना य किती. ‘उभ्या अक्षाला रेष जिथे लागते तो क’ हे आपण म्हणतो खरं, पण उभा अक्ष शून्यावर उभा असेल तरच. या आलेखात उभा अक्ष ५० ग्रॅमवर उभा आहे. तिथली १४ ही ५० ग्रॅम वजनाची लांबी आहे, शून्य वजनाची नव्हे.

आणि तिसरी, सगळ्यात स्वस्त गोष्ट. उत्तर आलं की रेषेवरचा तिसरा बिंदू घालून बघायचा. रेष १०० ग्रॅमला १६ सेंटीमीटर दाखवते. तिच्या समीकरणात १०० घाला: ०.८ × १०० + १४ = ९४. १६ सेंटीमीटरची स्प्रिंग ९४ सेंटीमीटर कशी होईल? छपाईची चूक म्हणण्याआधी एवढं एक मिनिट दिलं असतं तर रात्री शांत झोप लागली असती.

खानापूरची_आई
गुरुजी, वाचून दाखवलं. घराच्या किमतीचं पटलं तिला, लगेच पटलं. पण १२ वर अडून बसलीय. म्हणते, ‘आलेखात १२ हा आकडाच नाही. खाली १४ पासून सुरू होतं. जे कागदावर नाही ते मी कुठून वाचू?’ मला तिचं म्हणणं खरं वाटतं.

लॅबवाली
मी पीयू कॉलेजात फिजिक्सची लॅब घेते. तुमच्या लेकीचा प्रश्न चांगला आहे, तो दाबू नका.

कागदावर नसलेला आकडा वाचायचा नाही, चालत जाऊन गाठायचा. रेष सरळ आहे म्हणजे चढ सगळीकडे तोच. दर ५० ग्रॅमला लांबी २ सेंटीमीटरने वाढते: ५० ला १४, १०० ला १६, १५० ला १८. आता उलट दिशेने एक पाऊल मागे या. ५० वरून शून्यावर आलात की २ सेंटीमीटर कमी, म्हणजे १२. शहापूरकरांच्या सूत्रातला तो ‘−२’ म्हणजे हेच मागचं पाऊल.

आणि १२ म्हणजे काय ते तिला विचारा. काहीही न टांगता स्प्रिंग जेवढी लांब असते तेवढी, १२ सेंटीमीटर. चढ ०.०४ म्हणजे एक ग्रॅम टांगला की लांबी ०.०४ सेंटीमीटरने वाढते. उलटं करून बघा, एक सेंटीमीटर ताणायला २५ ग्रॅम लागतात. जोर लावून ताणणं आणि लांबी वाढणं याचं प्रमाण ठरलेलं असतं हा हूकचा नियम, आणि तुमच्या आलेखातली रेष म्हणजे तोच नियम. चढाला आणि क ला एककं असतात हे मुलं विसरतात. इथं चढाचं एकक सेंटीमीटर दर ग्रॅम, क चं एकक सेंटीमीटर. एककं लिहायची सवय लागली की अर्ध्या चुका तिथेच पकडल्या जातात.

लॅबमध्ये अजून एक भानगड असते. पुस्तकात बिंदू रेषेवर गुपचूप बसलेले असतात. आमच्याकडे मुलांनी घेतलेले बिंदू थोडे वर, थोडे खाली पडतात. मग पट्टी अशी ठेवायची की बिंदू दोन्ही बाजूंना साधारण सारखे राहतील, आणि रेष ओढायची. इथं बहुतेक जण काय करतात? रेष ओढतात आणि चढ काढायला परत आपल्याच वहीतले दोन बिंदू घेतात, ते रेषेवर असोत की नसोत. मग रेष ओढली कशाला? चढासाठी बिंदू रेषेवरचेच घ्यायचे, आणि शक्य तेवढे लांबचे. जवळजवळचे घेतले तर अर्ध्या घराची वाचनातली चूक चढात मोठी होऊन बसते. लांबचे घेतले तर तीच चूक नगण्य.

डोळ्याने रेष ओढण्याऐवजी गणिताने ओढायची पद्धत लजांद्र या फ्रेंच गणितज्ञानं १८०५ मध्ये छापली, ती पुढे कधीतरी शिकतीलच. फर्स्ट पीयूला पट्टी पुरे.

शहापूरकर
मॅडम, आमच्या वेळी लॅबमध्ये लंबकाचा आलेख आधी काढायचे, वाचनं नंतर लिहायचे 😀

लॅबवाली
ते मला माहीत आहे. लंबकाचाच आलेख तुमच्यासारख्यांना उघडं पाडतो. आडव्या अक्षावर लांबी, उभ्यावर एका आंदोलनाला लागणाऱ्या वेळेचा वर्ग. रेष शून्यातून जायला पाहिजे, चढ मीटरला साधारण ४ सेकंदवर्ग. ज्या मुलानं दोरी गोळ्याच्या गाठीपर्यंतच मोजली, मध्यापर्यंत नाही, त्याची रेष शून्यातून जात नाही, किंचित वर अक्षाला लागते. चढ मात्र बरोबर येतो. म्हणजे चूक कुठली झाली ते क सांगतो. ज्यानं आकडे घरी बसून तयार केले त्याची रेष इतकी अचूक शून्यातून जाते की संशय येतो.

लोंढा_लाइन
मी रेल्वेतून रिटायर झालोय. कंट्रोल ऑफिसमध्ये दिवसभराच्या गाड्यांचा एक लांब चार्ट असायचा. आडवी वेळ, उभी स्टेशनं. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेष. जास्त उभी रेष म्हणजे वेगवान गाडी. मालगाडीची रेष आडवी पडत आलेली. गाडी स्टेशनात थांबली की तेवढा तुकडा सरळ आडवा. एका बाजूच्या गाड्या वर चढणाऱ्या, दुसऱ्या बाजूच्या खाली उतरणाऱ्या, आणि दोन रेषा जिथे कापतात तिथे क्रॉसिंग. सिंगल लाइन असताना ते कापणं स्टेशनावरच पडलं पाहिजे, मधे पडलं तर एक गाडी आधीच्या स्टेशनात थांबवायची. कंट्रोलर पेन्सिल घेऊन हेच बघत बसायचा. शाळेत आम्हाला गणिताची भीती वाटायची आणि नोकरीत आयुष्यभर चढच वाचला.

मास्तर, मला एक विचारायचं होतं. समजा एक गाडी बेळगावहून सकाळी ६ ला निघाली आणि न थांबता ७ ला लोंढ्याला पोचली. अंतर ५१ किलोमीटर. चढ ५१, म्हणजे ताशी ५१. वेळ घड्याळाप्रमाणे घेतली तर य = ५१क्ष + क, आणि ६ वाजता अंतर शून्य, म्हणून क = −३०६. आता हे उणे ३०६ किलोमीटर म्हणजे काय? लॅबवाल्या मॅडमच्या स्प्रिंगला १२ चा अर्थ होता. इथं?

निपाणी_मास्तर
लोंढा साहेब, अर्थ एवढाच की हीच गाडी याच वेगानं रात्री १२ पासून धावत असती तर तेव्हा ती बेळगावच्या ३०६ किलोमीटर मागं असती. ती तशी नव्हती, यार्डात उभी होती. रेष फक्त ६ ते ७ या वेळेपुरती खरी आहे. त्यापुढं-मागं ती वाढवली तर गणित उत्तर देतं, पण गाडी देत नाही.

म्हणून मी सांगत असे, क काढा, पण तो खरा आहे का ते आलेखाला विचारू नका, गोष्टीला विचारा. स्प्रिंगला शून्य वजन शक्य आहे. तुमच्या गाडीला मध्यरात्र लागू नाही. तुम्ही वेळ ‘६ नंतर किती तास’ अशी मोजली असती तर य = ५१क्ष, क शून्य. रेष तीच, मोजायची सुरुवात बदलली. चढ दोन्हीकडे ५१ च राहिला हे बघा.

वडगाव_माग
मी मागावर असतो, गणित बारावी नापास. तरी विचारतो. लाइट बिल पण असंच हाय न्हवं? फिक्स चार्ज म्हणजे क, आणि युनिटचा दर म्हणजे चढ?

शहापूरकर
एकदम बरोबर दादा. नापास कोण म्हणतंय तुम्हाला.

वडगाव_माग
मग घरचं बिल? गृहज्योतीत (सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत) शून्य येतंय, आणि एका महिन्यात पाहुणे आले तर एकदम पूर्ण बिल आलं. ती कसली रेष?

निपाणी_मास्तर
ती एक रेष नाही. ठरवून दिलेल्या युनिटपर्यंत आलेख आडव्या अक्षावर झोपलेला. त्याच्या पुढे २०० पर्यंत वरच्या युनिटचे पैसे, म्हणजे तिथून तिरका तुकडा. आणि २०० ओलांडलं की सगळ्याच युनिटचं बिल, तिथे आलेख उडी मारून वर जातो. असे तुकडे असले की प्रत्येक तुकड्याचं समीकरण वेगळं, आणि सोबत ‘कुठून कुठपर्यंत’ तेही लिहायचं. दोन टोकं घेऊन मधून एकच रेष ओढली तर बिल आणि समीकरण कधीच जुळणार नाही. परीक्षेत असे प्रश्न येतात बरं का.

उचगावची
मधेच घुसते. उभी रेष आली तर? माझ्या भाच्यानं चढ काढायला घेतला आणि खाली शून्य आलं. त्यानं उत्तर ‘चढ शून्य’ लिहिलं आणि मार्क गेले.

शहापूरकर
भागाकारात खाली शून्य आलं की चढ शून्य नाही, चढ नाहीच. शून्य चढ आडव्या रेषेचा असतो. उभ्या रेषेवर क्ष कायम तोच राहतो, म्हणून क्ष = ३ असं एका ओळीत लिहायचं. य = मक्ष + क मध्ये ती बसतच नाही. म्हणून पुस्तकात अ·क्ष + ब·य + क = ० हा सामान्य प्रकार दिलेला असतो, त्यात आडवी, उभी, तिरकी सगळ्या बसतात.

अजून एक आयतं सांगतो. रेष दोन्ही अक्षांना स्वच्छ कापताना दिसत असेल, समजा आडव्याला ६ वर आणि उभ्याला ४ वर, तर चढ-बिढ नको. सरळ लिहा: क्ष/६ + य/४ = १. बारानं गुणा, २क्ष + ३य = १२. पाच सेकंद. सीईटीला असंच करायचं.

निपाणी_मास्तर
आणि रेष आरंभबिंदूतून गेली की त्या पाच सेकंदांचं काय करणार? दोन्ही ठिकाणी शून्य, आणि शून्यानं भागणार?

शहापूरकर
तेव्हा चढ काढायचा की सर. प्रत्येक कुलपाला एकच किल्ली कशाला?

निपाणी_मास्तर
ज्याला चार प्रकार पाठ आहेत पण आलेख वाचता येत नाही, तो हॉलमध्ये बसून कुठला प्रकार लावू यातच वेळ घालवतो. मी म्हणतो पहिल्या महिन्यात एकच पद्धत: दोन लांबचे, नीट वाचता येणारे बिंदू, चढ, मग क, मग तिसऱ्या बिंदूनं तपासणी. बाकीचं त्यानंतर.

लॅबवाली
मास्तरांना अनुमोदन. ‘नीट वाचता येणारे’ हा शब्द अधोरेखित करा. जिथे रेष घराच्या कोपऱ्यातून बरोबर जाते तेच बिंदू घ्यायचे. मधला बिंदू घेऊन ‘३.३ असेल बहुतेक’ असं नको.

निपाणी_मास्तर
ताई, लेकीसाठी तीन रेषा देतो. आलेख कागदावर बिंदू मांडून रेष ओढायची, मग समीकरण.
अ) (−२, ७) आणि (४, −५)
ब) (३, −१) आणि (३, ५)
क) (−४, १) आणि (८, १०)
आधी डोळ्यानं सांगायचं, रेष डावीकडून उजवीकडे जाताना चढते की उतरते. उतरत असेल तर चढ उणे. ते पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचं आणि उत्तर आल्यावर जुळवायचं.

खानापूरची_आई
गुरुजी, रात्री लाइट गेली होती म्हणून सकाळी केलं. तिची उत्तरं:
अ) य = −२क्ष + ३
ब) क्ष = ३, चढ नाही
क) य = (४/३)क्ष + १९/३
‘क’ मधला अपूर्णांक तिला स्वतःलाच आवडलेला नाही.

निपाणी_मास्तर
अ आणि ब पूर्ण मार्क. तिसऱ्या गणितात तिनं (−४, १) घालून तपासलं असणार, तो बिंदू बसतो कारण त्याच्यावरूनच समीकरणातला क काढलाय. दुसरा घाला. क्ष = ८: ३२/३ + १९/३ = ५१/३ = १७. हवं होतं १०. आता तिला विचारा की वर जाणं किती आणि उजवीकडे जाणं किती, आणि कोण कोणाच्या खाली लिहायचं.

लोंढा_लाइन
५१/३! आमचं लोंढ्याचं अंतर इथंपण आलं.

खानापूरची_आई
वर ९, उजवीकडे १२. तिनं १२ ला ९ नं भागलं होतं. आता य = (३/४)क्ष + ४. ८ घालून १० आलं, आणि स्वतःहून ४ घालून ७ काढलं, आलेखात बघितलं तर रेष (४, ७) वरून जाते.

ती विचारते, सेल्सिअस आणि फॅरनहाइटचा आलेख पण असाच काढता येईल का? फिजिक्समध्ये तो येणार आहे म्हणे.

लॅबवाली
येईल. दोन बिंदू तिला पाठ असतील: बर्फ वितळतो तिथे (०, ३२), पाणी उकळतं तिथे (१००, २१२). आणि इथं पहिला बिंदू शून्यावरचाच आहे, त्यामुळे क आयता मिळतो. झाल्यावर तिला हे काढायला सांगा: दोन्ही मापांवर आकडा एकच येईल असं तापमान कुठलं? म्हणजे तिची रेष आणि य = क्ष ही रेष कुठे कापतात.

शहापूरकर
उत्तर सांगू का?

लॅबवाली
नको.

खानापूरची_आई
चढ १८०/१०० = १.८, य = १.८क्ष + ३२. दुसऱ्या प्रश्नाला य च्या जागी क्ष घातलं: क्ष = १.८क्ष + ३२, म्हणजे −०.८क्ष = ३२, क्ष = −४०. म्हणते, आलेख कागद खाली एवढा लांब नव्हता म्हणून वहीचं दुसरं पान चिकटवलं.